पाहुण्यांना पंधरा दिवस विसावा

स्नेहलतागंजातल्या त्या घरात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला तीन प्रश्न विचारले. मांस-मच्छी करता का, नोकरी कुठे, आणि फटाके उडवता का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी ऐकलीसुद्धा नाहीत. तिसऱ्याला मी म्हटलं, "नाही हो. सुतळी बॉम्बची मला फार भीती वाटते." त्यावर त्यांनी चष्मा वर केला. "कधी हातात घेऊन पाहिलाय, की नुसतं वाटतं?" आता याला काय बोलायचं! "नुसतं वाटतं," मी म्हटलं. ते खूश झाले आणि खोली मिळाली.

मी मूळची कराडची. इथे औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून इंदूरला आले. वाटलं होतं वर्षभर राहू आणि पळू. त्या वर्षाची सात वर्षं त्या घरातच गेली. आता सुदामा नगरात स्वतःचं बिऱ्हाड आहे, पण काही अडलं की पाय अजून तिकडेच वळतात. घरमालकीणकाकू म्हणतात, "ही गेलीच कुठे? हिची कपडे वाळवायची दोरी अजून गच्चीवर आहे."

काका माप-तौल खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण खातं काही अंगातून निघालं नव्हतं. ओसरीवर पितळी तराजू टांगलेला असायचा. भाजीवाला गल्लीत शिरला की आधी काकांच्या फाटकाकडे बघायचा, आणि काका दिसले तर किलोभर वांग्यांवर न मागता दोन वांगी जास्त टाकायचा. काका ती दोन परत द्यायचे. "जास्त म्हणजे पण चूकच ना भिया. कमी तोललं तर मी लुटलो गेलो, जास्त तोललं तर तू लुटला गेला. चूक तर झालीच!"

त्यांचा एक प्रश्न घरात दिवसभर ऐकू यायचा. पाहिलं, की वाटलं? काकू म्हणाल्या दूध नासलं, तर पाहिलं की वाटलं? मी म्हटलं पाण्याची टाकी भरली, तर पाहिली की वाटली? एकदा काकू तापाने फणफणल्या होत्या आणि हे थर्मामीटर घेऊन उभे. काकूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "वाटतोय हो ताप, नुसता वाटतोय. तुम्ही जाऊन चहा ठेवा आता." काका निमूट गेले आणि चहात साखरेऐवजी मीठ घालून आले. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "हे मात्र पाहून सांगते." तो किस्सा पुढे महिनाभर गल्लीत फिरत होता.

पण काकांची खरी ओळख गल्लीला होती ती पाहुण्या होल्यामुळे.

झालं असं होतं की काकांचे आजोबा संस्थानाच्या शिकारखान्यात कारकून होते. बंदूक त्यांनी जन्मात धरली नाही. त्यांचं काम लिहायचं. कुठले पक्षी कधी आले, कधी गेले, शिकार कधी खुली करायची, कधी बंद. होले, म्हणजे कबुतराचे धाकटे भाऊबंद, आपल्याकडे बारा महिने असतातच, तारेवर, कौलावर, कुठेही घू-घू करत. पण थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून एक वेगळा होला माळव्यात उतरतो. आपल्या होल्यापेक्षा अंगाने थोराड, पाठीवर तांबूस कडांची पिसं खवल्यांसारखी एकावर एक, आणि मानेच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा. थंडी संपली की परत जातो. आजोबांनी नियम केला होता की हा पाहुणा आला की आधी पंधरा दिवस विसावा, त्यानंतरच होल्यांची शिकार खुली. दमूनभागून आलेल्याला दारातच गोळी घालायची, हे कुठलं घर, असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी म्हणे कुणी बडे साहेबलोक वेळेआधीच छावणी टाकून बसले. वरून आजोबांवर जोर आला, विसावा झाला असं लिहा. आजोबांनी लिहिलं, "आले. विसावा बाकी." आणि साहेबलोकांनी पंधरा दिवस शिकारीऐवजी दाल-बाफले खाल्ले. हे काका असं सांगायचे की जणू स्वतः पंगतीत तूप वाढत होते. मी एकदा विचारलं, "काका, हे तुम्ही पाहिलंय की वाटतंय?" तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आजोबांनंतर ती वही वडिलांनी चालवली, वडिलांनंतर काकांनी. आधीची पानं मोडीत, मग देवनागरी. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, शिकारीवर तर कायद्यानेच बंदी आली. वही चालूच. दर वर्षी दसरा झाला की काका सकाळची पहिली बस पकडून इंदूरजवळच्या हातोदला जायचे. नोकरीत असताना तिथल्या मंडीतले तराजू तपासायला जायचे, तेव्हापासूनची त्यांची ती जागा. मंडीच्या मागे बाभळी आहेत, सांडलेल्या दाण्यांवर होले उतरतात. काका एका उलट्या घमेल्यावर बसून राहायचे. पाहुणा दिसला की घरी येऊन ओसरीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे, "पाहुणे आले. पंधरा दिवस विसावा." आणि घरोघर जिलबी, माणशी दोन, तोलून.

आता शिकारच नाही तर विसावा कसला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आजोबांच्या नियमात शब्द होते, "पंधरा दिवस बार नको." काका त्याचा अर्थ सरळ लावायचे. बंदुकीचा नाही तर कुठलाच नको. पाहुणे येतात ते नेमके दिवाळीच्या आगेमागे. म्हणून त्या पंधरा दिवसांत आमच्या गल्लीत आवाजाचे फटाके वाजत नसत. अनार चालेल, फुलबाजी चालेल, बॉम्ब नाही. हातोदच्या बाभळीवरच्या होल्याला स्नेहलतागंजातला बॉम्ब कसा ऐकू जाणार, हे काकांना विचारायची सोय नव्हती. काकू हळूच सांगायच्या, "होल्याचं मला मालूम नाही, पण माझे कान तर वाचून राहिले ना!"

आणि गल्ली ऐकायची! अहो, खरंच ऐकायची. याचं कारण जिलबी नव्हती. कारण असं की जितक्या वर्षी पाहुणे दिवाळीआधी आले तितक्याच वर्षी नंतर आले, आणि त्या वर्षी काका स्वतः फळ्यावर लिहायचे, "अजून आले नाहीत." मग पोरं त्यांच्या फाटकासमोर लडी लावायची आणि काका कानांत कापूस घालून ओसरीवर बसायचे. बॉम्बचा इतका तिटकारा असून माणूस कधी तारीख पुढेमागे करत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. काकांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन.

फक्त शेजारच्या भियाला हा भरवसा नव्हता. इंदुरात कुणालाही भिया म्हणतात, आपण भाऊ म्हणतो तसं; हा भिया लागूनच्या घरातला. वर्षभर त्याचं पतंग-पिचकाऱ्यांचं दुकान, आणि दिवाळीला फटाक्यांचं. वडिलांपासूनचा धंदा. पाहुणे आधी आले की गल्लीचं गिऱ्हाईक बुडायचं. तो काकांच्या पाया पडायचा, जिलबीही खायचा आणि वर म्हणायचा, "काका, एक बात सच बताना. पक्षी आया है या आपने बुलाया है?" काका म्हणायचे, "तू चल हातोदला, दाखवतो." भिया कधी गेला नाही. दिवाळीच्या दिवसांत दुकान सोडून कोण जाणार?

त्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दसऱ्यानंतर लगेच. डोळ्यांवर काळा चष्मा, धूळ नको, ऊन नको, बसचे धक्के नकोत. काकूंनी चपलाच लपवून ठेवल्या. काका पिंजऱ्यातल्या वाघासारखे ओसरीभर. बारा दिवसांनी मला बोलावलं.

"तू तपासणीचंच काम करते ना?"

"हो."

"मग जा. रविवार आहे. पाहून ये."

मला पक्ष्यांतलं काय कळतं? कावळा आणि चिमणी. पण काकांनी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दिलं. मानेच्या बाजूला रेघा, तर पाहुणा. मानेवर ठिपक्यांची चौकट, तर आपला घरचाच. "पाठ तांबूस दिसेल, तिथे फसू नको. घरच्याचीपण तांबूस असते. फक्त मान पाहायची. समजलं?"

समजलं तर होतं. स्कूटीवरून हातोद गाठलं, मंडीच्या मागे गेले. घमेलं काही सापडलं नाही, दगडावर बसले. दोन तास. ऊन असं की डोकं भणभणलं. घरी फराळाचं सगळं पडलेलं, कराडला जायची बॅग भरायची होती, आणि मी इथे बाभळींकडे बघतेय! शेवटी तीन पक्षी तारेवर येऊन बसले. चांगले गुबगुबीत, तांबूस. फोटो काढला आणि काकांना फोन लावला.

"काका, आले! तीन आहेत."

"मान पाहिली?"

"हो हो."

"रेघा की ठिपके?"

मी तारेकडे पाहिलं. त्या उन्हात मला मान दिसत होती, मानेवर काहीतरी काळंपांढरं दिसत होतं, बास. आणि मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "रेघा."

मी! जिच्या सहीशिवाय कारखान्यातून गोळ्यांचं एक खोकं बाहेर पडत नाही ती मी. अजून आठवलं की कान गरम होतात.

घरी पोचेपर्यंत फळा लिहून झाला होता, तोही काळा चष्मा लावून, अक्षरं वरखाली. जिलबी वाटून झाली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वहीत लिहिलं, "आले. तीन. भाडेकरू मुलीने पाहिले." गल्लीने बॉम्ब माळ्यावर टाकले. भियाने दुकानातली बॉम्बची पेटी मागे सरकवली आणि अनार पुढे मांडले. तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्याचं, पण मांडले.

तीन दिवसांनी, धनतेरसला, कारखान्यात काम कमी होतं. माझ्या टेबलावर मोठा पडदा आहे, औषधाच्या कणांचे फोटो त्यावर तपासतो. म्हटलं बघू या काकांचे पाहुणे कसे दिसतात. फोटो टाकला, मान मोठी केली. ठिपके. स्वच्छ ठिपके, पोलक्याच्या कापडावर असतात तसे. तिन्हींच्या मानांवर.

परत येताना वाटेत मनाला समजावत होते. कुणाचं काय बिघडलं? गल्ली शांत आहे, काकांच्या डोळ्यांना धूर नाही, काकूंचे कान वाचले. खरे पाहुणे येतीलच दोनचार दिवसांत. घरी आल्यावर आधी काकूंना गाठलं. त्या चकल्या पाडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला विचारते तर गप्प राहा. इतकी चांगली दिवाळी कधी मिळते?" मग एक चकली पाडली, दुसरी मोडली. "पण ती वही आहे ना गं. त्यात आजवर खोटं नाही. यांच्यापाशी दुसरं आहेच काय?"

रूप चौदसला, म्हणजे नरक चतुर्दशीला, सकाळी मी काकांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. फोन पुढे केला. त्यांना नीट दिसत नव्हतं. म्हणाले, "तूच सांग. मोठं कर आणि पाहून सांग."

"ठिपके आहेत, काका."

"पाहिले?"

"पाहिले."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग काकूंना हाक मारली, "माझ्या चपला दे." काकूंनी या वेळी मुकाट्याने आणून दिल्या.

काळा चष्मा, धुतलेला सदरा, हातात काठी, आणि काका घरोघर निघाले. मी मागे. प्रत्येक दारात तेच वाक्य. "चूक झाली. पाहुणे आले नाहीत. मी बगैर पाहता लिहिलं. जिलबी खाल्ली ती खाल्ली, पण फटाके तुमचे तुम्ही लावा." कुणी हसलं, कुणी म्हणालं, जाऊ द्या काका, आता ठरलंय तर राहू दे. काका ऐकेनात. "राहू दे नाही. आले नाहीत म्हणजे आले नाहीत."

तिसऱ्या दारात माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "चूक माझी आहे, काकांची नाही." काका माझ्याकडे वळले आणि असे कडाडले की आतली माणसं बाहेर आली. "शिक्का कुणी मारला? मी. तू गप!"

शेवटी भियाचं दुकान. काका पायरीखालीच उभे राहिले, ज्या भियाने त्यांना वर्षानुवर्षं चिडवलं त्याच्यासमोर. तेच वाक्य बोलले. पुढे म्हणाले, "तुझे तीन दिवस माझ्यामुळे खराब झाले. आज पेटी पुढे घे." आता हा हसणार, आता म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो का!

भिया गल्ल्यावरून उठला. पायरी उतरून खाली आला. काकांची काठी नीट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "धूप में क्यों निकले, काका. आँख का ऑपरेशन हुआ है." बाकी काही नाही. मग पेटी मात्र पुढे घेतली, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी विकली.

त्या दिवाळीला गल्लीत जो काही धूमधडाका झाला! काका कानांत कापूस घालून आत बसले होते आणि काकू मला म्हणत होत्या, "अशी सच बोलणारी भाडेकरू देवाने मलाच का दिली?" पण मला चिवडा वाढताना वाटी काठोकाठ भरली होती. त्या वर्षी मी कराडला गेलेच नाही. निघवेचना.

काकांनी वहीतली ओळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहवून घेतली, माझ्याच हाताने. "वरील नोंद चुकीची. न पाहता केली." मी विचारलं, बारीक अक्षरात लिहू का? काका म्हणाले, "कसंही लिही. अक्षर वाचता आलं म्हणजे झालं." मग मला म्हणाले, या वर्षाची नोंद आता राहूनच जाणार. मला जायची मनाई, तुला पुन्हा पाठवायची माझी हिंमत नाही. हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, पण मला फार लागलं. तीन पिढ्यांची वही, एक वर्ष कधी रिकामं नाही, आणि ते रिकामं ठेवणारी मी. रोज सकाळी उठून मी ओसरीवर यायचे तर ते फळ्यासमोर बसलेले. "अजून आले नाहीत" इतकंच त्यावर.

दिवाळीनंतर सहाव्या दिवशी सकाळी काकांचा फोन वाजला. त्यांना आकडे दिसत नव्हते म्हणून मी उचलला आणि आवाज मोठा केला. भियाचा फोन.

"दीदी, काका को दो. मी हातोदला आहे. मंडीच्या मागे."

काका खुर्चीत सरळ झाले. "तिथे काय करून राहिला तू?"

"पाहून राहिलो, काका. तीन दिवस रोज येतोय, सांगितलं नाही. आज पाच बसले आहेत. मानेला रेघा आहेत. साइडला. पाठ नाही पाहिली, मानच पाहिली. अर्धा तास पाहिली. आता तर एक माझ्याकडे तोंड करून बसला आहे. घाई नाही, मी थांबलोय, तुम्हाला जे विचारायचं ते विचारा."

काकांनी काहीच विचारलं नाही. काकू कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भिया," काका म्हणाले, "पाच दिवसांनी देवउठनी ग्यारस आहे. तुळशीच्या लग्नाला उडायचा तो तुझा उरलेला माल..."

"मालूम आहे, काका. माळ्यावर टाकून आलोय सकाळीच."

काकांनी मला वही आणायला सांगितली. मी पान उघडलं, पेन घेतलं. आले, पाच, असं लिहिलं आणि थांबले. कुणी पाहिले ते लिहायचं होतं, आणि भियाचं नाव मला माहीत नव्हतं. काकूंकडे पाहिलं. त्यांनाही नव्हतं. काकांनाही! भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं, आणि सगळ्या गल्लीचा तो नुसता भिया.

"अरे, तुझं नाव काय?" काकांनी विचारलं. "वहीत लिहायचं आहे."

पलीकडे होल्यांचं घुमणं ऐकू येत होतं. मग सरकारी कचेरीत सांगावं तसं त्याने स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि जरा थांबून म्हणाला, "दीदी, बीच में पिताजी का नाम भी लिख दोगी?"

मी तिन्ही लिहिली. काकांनी सही करायच्या आधी मला ती मोठ्याने दोनदा वाचायला लावली.